बेल तीनदाच वाजवा



आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. गीतेचा सातवा श्लोक (काही प्रतींमध्ये तो आठवा धरतात) आणि त्यातले पहिले दोनच शब्द. अमानित्व आणि अदंभित्व.

तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला बसतात आणि यादीत सगळ्यात वर काय येतं? बुद्धी नाही, पाठांतर नाही, ध्यानसुद्धा नाही. मान नको असणं. गीता हे एका शब्दात उरकते. माउली मात्र त्या शब्दापाशी चांगला मुक्काम ठोकतात. मान नको असलेल्या माणसाची कोणी स्तुती करू लागलं की त्याचं काय होतं? व्याधाने चारी बाजूंनी कोंडलेल्या हरणासारखं होतं. हाताने पाणी कापत चाललेला माणूस भोवऱ्यात सापडावा तसं होतं. म्हणजे आपल्यासारखं 'अहो नाही हो, कसचं काय' म्हणत आतून खूश होणं नाही. जीव घाबरा होतो त्याचा. बृहस्पतीच्या तोडीचं ज्ञान असलं तरी तो लोकांनी मोठं म्हणू नये म्हणून वेडेपणाच्या आड जाऊन दडतो.

त्याच्या पुढचं अदंभित्व. केलेलं चांगलं काम आपल्याच तोंडाने न सांगणं. इथे माउलींनी दृष्टांतांची रांग लावली आहे. प्राण गेला तरी पुरलेल्या धनाची जागा न सांगणारा लोभी. आलेला पान्हा चोरणारी नाठाळ गाय. वय लपवणारी वेश्या. रानात सापडलेला आणि आपली श्रीमंती कळू न देणारा धनिक. अंग झाकून घेणारी कुळवधू. आणि पेरलेलं बी मातीने पांघरूण घालून झाकणारा शेतकरी.

यातला लोभी आणि शेतकरी लक्षात ठेवा. दोघांकडे परत यायचंय.

आमच्या शनिवारच्या वाचनाला आठ-दहा जण जमतात, लालबागला एकाच्या घरी. निम्मे आयटीतले. या ओव्या वाचून झाल्यावर एकाने विचारलं, "मग बरिअल अमानी म्हणायचा का?" दिवसभर कानात हेडफोन घालून कोड लिहिणाऱ्या माणसांच्या मंडळात हा प्रश्न येणारच होता. बरिअल हा लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार. २००६ आणि २००७ मध्ये त्याचे दोन अल्बम आले, दुसरा 'अनट्रू' तर आमच्यापैकी तिघांना तोंडपाठ. त्याचा ना चेहरा कुणाला माहीत, ना नाव, ना त्याचे कुठे कार्यक्रम. २००७ च्या अखेरीस 'द वायर' या मासिकासाठी तो मार्क फिशर यांच्याशी मोकळेपणाने बोलला आणि ती मुलाखत त्याचे चाहते आजही पोथीसारखी वाचतात. पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनमधल्या मर्क्युरी पारितोषिकाचं नामांकन मिळालं. हा कोण म्हणून एका वृत्तपत्राने शोधमोहीमच काढली. शेवटी ऑगस्ट २००८ मध्ये त्याने स्वतःच आपलं नाव आणि फोटो जाहीर करून टाकला. गडबड मिटावी म्हणून.

आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, हेच खरं अमानित्व. दुसरी म्हणाली, लपण्यामुळेच तर त्याचं इतकं नाव झालं, मुखवटा हासुद्धा फ्लेक्सच की. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. पण मला वाटतं या प्रश्नासाठी लंडनला जायची गरज नाही. याच्याहून अवघड उदाहरण आपल्या दक्षिण मुंबईत आहे. त्याच्या आधी एक सोपं, तेही आपल्याच शहरातलं.

चरणजीत सिंग. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड नावाचं अ‍ॅकॉर्डियनसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य ते वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं ३०३ हे खरं तर बास गिटारची नक्कल करायला काढलेलं खोकं, नक्कल धड जमली नाही म्हणून खपलं नाही आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने बंदही केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. सिंगांनी त्या घसरण्यातून रागाची मींड काढली. रेकॉर्ड पडली. आणि १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि जगाने त्याला नवी शैली म्हटलं, अ‍ॅसिड हाउस.

२००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ही जुनी रेकॉर्ड भारतात सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि युरोपातले चाहते चक्रावले. १९८२ मध्ये मुंबईत कोणी हे केलं असणं शक्यच नाही, ही कोणाची तरी थट्टा आहे, यामागे एफेक्स ट्विन असणार, असं म्हणणारेही निघाले. (एफेक्स ट्विन म्हणजे असाच एक गूढ ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार.) मग पत्रकार सिंगांपर्यंत पोचले. सत्तरीतल्या गृहस्थांनी सरळ सांगितलं की तेव्हा सिनेमात डिस्को फार चालत होतं, म्हणून म्हटलं डिस्कोचा ठेका ठेवू, तबला काढू आणि वर राग वाजवू. झालं. नव्या शैलीचा जनक वगैरे बिरुदाचं त्यांना फारसं अप्रूप दिसलं नाही. पुढे त्यांनी युरोपात कार्यक्रम केले, लोक नाचले, जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

मला हे सोपं उदाहरण का वाटतं? कारण सिंग कधी लपलेच नव्हते. त्यांचा दरवाजा उघडाच होता, आपण वीस-पंचवीस वर्षं बेल वाजवली नाही एवढंच. आणि वाजवली तेव्हा ते साधेपणाने बोलले. बोलूनही माणूस अमानी राहू शकतो, आणि गप्प राहूनही दांभिक असू शकतो. इथवर आमच्या मंडळात सगळ्यांचं एकमत झालं.

आता अवघड.

गिरगावातून ऑपेरा हाउस, केम्प्स कॉर्नर करत निघालात आणि खाली वॉर्डन रोडला लागलात, तर पुढे महालक्ष्मीचं देऊळ येतं. नवरात्रात तुमच्यापैकी कित्येक जण तिथे रांगेत उभे राहिले असतील. त्याच रस्त्यावर 'आकाशगंगा' नावाची इमारत आहे. तिथल्या सहाव्या मजल्यावरच्या एका दारावर कित्येक वर्षं एक पाटी होती. सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडलं जाणार नाही. बेल तीनदाच वाजवा. कोणी दार उघडलं नाही तर आपलं कार्ड किंवा चिठ्ठी ठेवून जा. तसदीबद्दल क्षमस्व.

आत अन्नपूर्णादेवी राहत होत्या. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी, अली अकबर खाँ यांची बहीण, १९४१ पासून पंडित रविशंकर यांची पत्नी, नंतर विभक्त. सुरबहार वाजवायच्या. १९५० च्या दशकात रविशंकरांबरोबर त्यांच्या काही जुगलबंद्या झाल्या आणि मग त्यांनी लोकांसमोर वाजवणं थांबवलं ते कायमचं. स्वतःची एकही रेकॉर्ड काढली नाही. १९७७ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, पण त्यामुळे दार काही जास्त उघडलं नाही. जाणकार सांगायचे की या घराण्यातलं सगळ्यात खोल संगीत या बंद दाराआड आहे. म्हणजे विचार करा, एकीकडे अली अकबर, एकीकडे रविशंकर, आणि लोक म्हणतात खरं काय ते हिच्याकडे!

इथे आपल्या भक्त मनाची एक खोड सांगते. अशी माहिती मिळाली की आपण लगेच हात जोडतो. 'किती निरिच्छ! प्रसिद्धीला लाथ मारली! साक्षात सरस्वती!' मीही कॉलेजात असताना त्यांच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात असंच बोलणं ऐकलं होतं. तेराव्या अध्यायातला अमानी माणूस कसा दिसतो, तर असा, असं काका म्हणाले होते.

मग २००० साली 'मॅन्स वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात आलिफ सुरती यांचा लेख आला आणि त्यात अन्नपूर्णादेवी स्वतः बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लग्नाबद्दल बोलल्या, मुलाच्या शिक्षणाबद्दल आणि तो आपल्याला सोडून वडिलांबरोबर अमेरिकेला गेला त्याबद्दल बोलल्या. त्या लेखावर संगीताच्या चाहत्यांमध्ये आजही चर्चा चालते, आणि मी ऐकलेल्या बहुतेक चर्चा एकाच वाक्याशी येऊन अडतात. वाजवणं का थांबवलं, यावरचं उत्तर. त्याचा आशय असा: मी वाजवायचे तेव्हा लोकांना ते आवडायचं, आणि लोकांचं हे आवडणं पंडितजींना फारसं रुचत नाही असं मला जाणवायचं. तसंही मला मैफिली करायची फार आवड नव्हती. म्हणून ते थांबवलं आणि साधना चालू ठेवली.

गंमत बघा. अर्धे लोक याचा पहिला भाग वाचतात. नवऱ्याच्या अहंकारापायी एका महान कलावंत बाईने आपला आवाज मिटवून घेतला. संपलं. उरलेले अर्धे दुसरा भाग वाचतात. त्यांना मुळात मैफिलींची हौसच नव्हती, साधना हेच त्यांचं सर्वस्व. संपलं. एका गटाला पीडित बाई हवी असते, दुसऱ्याला संत. (रविशंकरांनीही आपली बाजू सांगितलेली आहे. तिने वाजवावं असा माझा आग्रह असायचा, थांबली ती तिच्या मर्जीने, असं त्यांचं म्हणणं.) त्यांनी मात्र दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. मध्ये 'पण' घातला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, यात शास्त्र कुठे आलं? आलं की. आणि यासाठी मी दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आणणार नाही, तो सगळ्यांच्या ऑफिसातल्या मगवर छापलेला आहे. अठराव्या अध्यायात चला. तिथे त्यागाचे तीन प्रकार येतात. मोहाने कर्तव्य सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होतो, दुःख होतं, अंगाला कष्ट पडतात म्हणून सोडलं तर तो राजस, आणि गीता स्पष्ट म्हणते की त्याचं फळ मिळत नाही. कर्म करायचं ते करतच राहायचं, आणि फक्त त्यातली आसक्ती आणि फळ सोडायचं, तो सात्त्विक.

हे वाचून मी जरा अस्वस्थच झाले. दुखावल्यामुळे एखादी गोष्ट सोडणं हा गीतेच्या भाषेत राजस त्याग झाला. मग काकांचं म्हणणं चुकीचं? घरात भांडण नको म्हणून बाईने व्यासपीठ सोडलं, तर त्याला अमानित्व म्हणायचं नाही. आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे बाईच्या गप्प बसण्याला फार चटकन आध्यात्मिक रंग चढतो. पुरुष गप्प बसला तर आपण विचारतो, काय झालं? बाई गप्प बसली तर म्हणतो, किती सोशिक. आईने नोकरी सोडली, त्याग. आजीने गाणं सोडलं, त्याग. कोणाच्या नाराजीमुळे सोडलं ते विचारायचं नाही, कारण मग त्यागावर ओवाळायची आरती हातातच राहते. माउलींचा अमानी माणूस मान नको म्हणून पळतो, दुसऱ्याला आपला मान सहन होत नाही म्हणून नव्हे. दोन्हीकडे बाहेरून दार बंदच दिसतं, एवढंच साम्य.

इथे थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण त्याच वाक्याचा शेवट आठवा. साधना चालू ठेवली.

अठराव्या अध्यायाच्या हिशेबाने त्यांनी सोडलं काय? कर्म सोडलं का? नाही. रियाझ चालू होता. शिकवणं चालू होतं. निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे शिकले, हरिप्रसाद चौरसिया शिकले, नित्यानंद हळदीपूर शिकले. चौरसियांची गोष्ट तर प्रसिद्ध आहे: तेव्हा त्यांचं चित्रपटसंगीतात नाव झालेलं, तरी त्यांना शिकवायला त्या सहजी तयार होईनात. शेवटी सगळं शून्यापासून सुरू करायची तयारी दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे घेतली. आजही ते तशीच वाजवतात. आणि त्या शिकवायच्या कशा, तर बहुतेक गाऊन. समोर सतार असो, सरोद असो की बासरी, त्या गाऊन दाखवणार, शिष्याने वाद्यातून ते काढायचं. म्हणजे शिष्यांनासुद्धा त्यांचं सुरबहार क्वचितच ऐकायला मिळे. सोडलं ते नेमकं काय? टाळ्या. फळाचा भाग. कर्माचा एक कणही नाही.

मग हा त्याग कुठला? सुरुवात राजस आणि पुढे सात्त्विक? मला वाटतं असं होऊ शकतं. आपण कोडमध्ये एखादी गोष्ट नाइलाजाने करतो, वरून कोणी तरी सांगितलं म्हणून, आणि पाच वर्षांनी तीच त्या सिस्टिमची कणा होऊन बसते. ती का लिहिली गेली हे जुन्या नोंदीत सापडतं, पण ती आज काय करते हे त्या नोंदीत नसतं. मुलाखतीचंही तसंच आहे. सुरुवात का झाली याचं उत्तर फार तर त्यात मिळेल. पुढची चाळीस-पन्नास वर्षं रोज पहाटे त्या खोलीत काय झालं, ते त्यात मावणार नाही. कितीही मोकळी मुलाखत असली तरी.

आणि त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे जी चर्चेत फारशी येत नाही, लग्नाच्या मानाने ती मसालेदार नाही म्हणून असेल. त्या आधी सतार शिकत होत्या. एक दिवस बाबांनी सांगितलं की माझ्या गुरूंची विद्या तुला द्यायचीय, कारण तुला लोभ नाही. पण त्यासाठी सतार सोडून सुरबहार घ्यावं लागेल. सतार जाणकारांनाही आवडते आणि सामान्यांनाही. सुरबहार फक्त खोलात जाणाऱ्यांना कळेल, बाकीचे कदाचित टोमॅटो मारतील. बोल, काय ठरवतेस? त्या म्हणाल्या, तुमची आज्ञा.

टाळ्या कमी मिळणारी वाट त्यांनी इथेच धरली होती. रविशंकरांच्या नाराजीशी या गोष्टीचा संबंध नाही. अर्थात माझी मैत्रीण यावरही म्हणाली की बापाने विचारलं आणि मुलगी 'आज्ञा' म्हणाली, यात निवड कुठे आहे? तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पण ही तीच मुलगी आहे जिला बाबा आधी संगीत शिकवायलाच तयार नव्हते, कारण थोरल्या मुलीला संगीतापायी सासरी त्रास झाला होता. बाबा बाजारात गेलेले असताना ही भावाच्या रियाझातली चूक गाऊन दुरुस्त करत होती आणि मागे बाबा येऊन उभे राहिलेले, म्हणून शिक्षण सुरू झालं. चोरून ऐकून शिकलेली मुलगी. तिला संगीत हवं होतं यात तरी कोणाच्या आज्ञेचा प्रश्न नाही.

आता लोभी आणि शेतकरी. माउलींनी हे दोघे एकाच रांगेत का ठेवले असतील, हे मला आत्ता आत्ता थोडं कळायला लागलंय. लोभी धन पुरतो आणि वर माती लोटतो. शेतकरी बी पेरतो आणि वर माती लोटतो. वरून बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखीच माती दिसते. उकरून बघितलं तर कळेल म्हणाल, तर उकरलेलं बी रुजत नाही. पिकाची वाट बघण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. निखिल बॅनर्जींची सतार १९८६ मध्ये त्यांच्याबरोबर थांबली, पण रेकॉर्ड आहेत, ऐकता येतात. हरिजींची बासरी ऐकता येते. ते पीक आहे.

तरी एक नुकसान झालंच, ते या दृष्टांताने भरून येत नाही. सुरबहार स्वतः किती कमी लोकांनी ऐकलं! कला ही समाजाची असते, अशा माणसाला ती दाराआड ठेवायचा हक्क आहे का, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. माझं उत्तर: हो, आहे. आपण रसिक म्हणवतो म्हणून कोणी आपलं देणं लागत नाही. पण हक्क आहे म्हणून नुकसान झालं नाही असं नव्हे. मला त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

आणि आपलं काय, दाराबाहेरच्यांचं? लालबागच्या राजाला दोन रांगा असतात ना, मुखदर्शनाची आणि नवसाची. मुखदर्शनवाल्याला लांबून बघून समाधान मानावं लागतं, नवसाच्या रांगेतला बारा-पंधरा तास उभा राहतो पण चरणांपर्यंत पोचतो. चाहत्याचं मन कायम दुसऱ्या रांगेत असतं. संगीत ऐकलं ते मुखदर्शन झालं, आता माणूस हातात पाहिजे. त्याचं घर, लग्न, दुःख, सगळं. देवाच्या बाबतीत ही ओढ चालते, कारण देव हा असा एकच आहे जो कितीही चाचपला तरी उकरला जात नाही. माणूस उकरला जातो. बरिअलचं नाव शोधायला निघालेल्या वृत्तपत्राला त्याच्या संगीतातलं काय जास्त कळलं? काहीच नाही. आणि अन्नपूर्णादेवींच्या त्या एका मोकळ्या मुलाखतीतून आपण उचललं काय, तर लग्न. टोमॅटोंची गोष्ट तिथेच पडून राहिली.

त्यांनी बोलायला नको होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलाची गोष्ट जगात दुसऱ्यांच्या तोंडून फिरत होती, मुलगा १९९२ मध्येच गेला होता. आईने एकदा आपली बाजू सांगितली. अमानित्व म्हणजे आपल्याबद्दल कोणी काहीही बोललं तरी मान डोलावणं, असं कुठल्याच ओवीत लिहिलेलं नाही. एकदा बोलल्या आणि पुन्हा दार लावून घेतलं. पाटी होतीच.

१३ ऑक्टोबर २०१८ ला त्या गेल्या, नवरात्र चालू असताना. त्या आठवड्यात त्याच रस्त्यावर महालक्ष्मीला नेहमीसारखी गर्दी होती.

शनिवारी निघता निघता शेवटचा वाद झाला तो रेकॉर्डिंगवरून. त्यांची काही खासगी रेकॉर्डिंग फिरतात, जुन्या जुगलबंदीची, मांझ खमाजची वगैरे. त्यांनी स्वतः ती कधी प्रसिद्ध केली नाहीत. ती ऐकावीत का? माझी तीच मैत्रीण ऐकत नाही. तिचं म्हणणं, पाटी वाचल्यावर चौथ्यांदा बेल वाजवायची नसते. मी ऐकते. जुगलबंदी लोकांसमोर झालेली होती, त्या सभागृहात बसलेल्यांनी ऐकलीच होती, मी फक्त सत्तर वर्षं उशिरा आले असं मी स्वतःला सांगते. आवाज खरखरीत आहे, मधेच कोणी तरी खोकतं, आणि त्या खरखरीखालून खर्जातला तो स्वर इतका सावकाश येतो की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं फाइल अडकली. ती म्हणते ही पळवाट आहे. असेल. तिला अजून उत्तर दिलेलं नाही, तुम्हाला काय वाटतं ते कळवा, पुढच्या शनिवारी वाचून दाखवीन.

उद्या त्याच श्लोकातला तिसरा शब्द, अहिंसा. माउलींनी तिथे खूपच विस्तार केलाय, एका बैठकीत होणार नाही. दादर ते चर्चगेट प्रवासात वाचणाऱ्यांनी दोन दिवस धरा.

राम कृष्ण हरी.